रेव्ह्स

रेव्ह्स : मोटारगाड्यांच्या शर्यतीचा संगणकीय खेळ. बीबीसी मायक्रो या ब्रिटिश घरगुती संगणकासाठी जेफ क्रॅमंड यांनी तो तयार केला व एकॉर्नसॉफ्ट या संस्थेने १९८४–८५ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. एंजिनाच्या दर मिनिटास होणाऱ्या फेऱ्यांना इंग्रजी बोलीत असलेल्या संक्षिप्त शब्दावरून खेळाला हे नाव पडले आहे. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथील शर्यतमार्गावर फॉर्म्युला ३ या वर्गातील गाडी चालविण्याचा अनुभव त्यात दिलेला आहे. शर्यतीचे खेळ त्यापूर्वीही पुष्कळ होते. तथापि गाडीवर कार्य करणाऱ्या बलांचे गणित सतत करून त्या गणिताचे फलित खेळणाऱ्यापुढे मांडणारा घरगुती संगणकावरील आरंभीचा खेळ म्हणून रेव्ह्सला महत्त्व आहे. पुढे रूढ झालेल्या ‘सदृशीकरण’ प्रकारच्या शर्यतखेळांची परंपरा बव्हंशी त्याच्यापासून सांगितली जाते.

पूर्वपीठिका : मोटारशर्यतीचे इलेक्ट्रॉनीय खेळ प्रथम करमणूक-केंद्रांतील नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत आले. १९७४ मध्ये अटारी या अमेरिकन संस्थेने काढलेल्या ग्रॅन ट्रॅक १० या यंत्रात संपूर्ण मार्ग आकाशातून पाहिल्यासारखा दिसे व यंत्राला खरे सुकाणू-चक्र आणि पायाने दाबावयाची खटकी जोडलेली होती. त्याच संस्थेच्या १९७६ मधील नाइट ड्रायव्हर या खेळात चालकाच्या नजरेतून दिसणारा रात्रीचा रस्ता दाखविला होता. रस्ता म्हणजे काळ्या पडद्यावर दुतर्फा सरकत येणारे पांढरे खुंट एवढेच चित्र असे. १९८२ मध्ये जपानमधील नामको या संस्थेने पोल पोझिशन हा खेळ काढला. फूजी येथील शर्यतमार्गावर आधारलेल्या या खेळाची रंगीत व अतिशय वेगवान दृश्ये पाहून लोक थक्क झाले व पुढील कित्येक वर्षे त्याचे अनुकरण होत राहिले.

पोल पोझिशनमधील युक्ती समजून घेतल्यास रेव्ह्सचे वेगळेपण ध्यानात येते. त्या खेळात गाडी खऱ्या अर्थाने वळतच नाही. तिचे तोंड सदैव रस्त्याच्या दिशेने असते. वळण आले की रस्त्याचे चित्र वाकविले जाते आणि गाडीला वेगाच्या प्रमाणात बाहेरच्या बाजूस ढकलले जाते. खेळणाऱ्याने उलट दिशेस चक्र फिरवून एवढीच सरकण भरून काढावयाची असते. गाडी आडवी होणे, मागील चाके घसरून ती स्वतःभोवती गरकन फिरणे किंवा चुकून उलट दिशेस तोंड करून उभी राहणे या गोष्टी तेथे संभवतच नाहीत. करमणूक म्हणून हे उत्तमच होते. परंतु त्याला गाडी चालविणे म्हणता येत नाही. घरगुती संगणकांवरील खेळांपैकी झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकासाठी सायन संस्थेने १९८३ मध्ये काढलेल्या चेकर्ड फ्लॅग या खेळात चालकापुढील फलक, गिअर, इंधन व तापमान यांचा विचार आढळतो. रेव्ह्सच्या दिशेने पडलेले ते एक पाऊल म्हणता येईल.

बीबीसी मायक्रो संगणक : ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने संगणक-साक्षरतेचा एक प्रकल्प हाती घेऊन त्यासाठी केंब्रिज येथील एकॉर्न कंप्यूटर्स या संस्थेकडून हा संगणक तयार करवून घेतला, तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला. त्याच्या ‘ब’ नमुन्याची किंमत सु. ४०० पौंड, म्हणजे स्पेक्ट्रमच्या दुपटीहून अधिक होती व त्यामुळे घरांपेक्षा शाळांमधून त्याचा प्रसार जास्त झाला. भारतीय वाचकांना हे यंत्र अगदीच अपरिचित नाही. शाळांमधून संगणकाची ओळख करून देण्यासाठी भारत सरकारने १९८४–८५ मध्ये जो ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, त्यात प्रारंभी सु. २५० शाळांना हेच संगणक देण्यात आले होते आणि सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या शासकीय संस्थेने परवान्याखाली त्याचे भारतीय रूपही काढले होते.

या संगणकात ६५०२ हा सूक्ष्मप्रक्रियक असून तो सेकंदास २० लक्ष स्पंदांच्या गतीने चाले. एका वेळी तो फक्त आठ अंकस्थानांची (म्हणजे ० ते २५५ एवढीच) संख्या हाताळू शकतो आणि त्याच्या आदेशांत गुणाकार व भागाकार यांसाठी आदेशच नाहीत. गुणाकार करावयाचा झाल्यास संख्या एकेक स्थान सरकवून बेरजा कराव्या लागतात. ‘ब’ नमुन्याची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट होती. संगणकाची स्वतःची कामे, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चित्र आणि खेळाचा प्रोग्रॅम या सर्वांना मिळून एवढीच जागा. सोळा रंगांकांची सोय असलेली चित्रपद्धती निवडल्यास एकट्या चित्रालाच २० किलोबाइट लागत. यामुळे चार रंगांच्या, १६० × २५६ चित्रबिंदूंच्या पद्धतीवर समाधान मानावे लागे. तीत प्रत्येक चित्रबिंदूला दोन अंकस्थाने लागत असल्याने चित्राचे काम १०,२४० बाइटांत भागे.

निर्मिती : क्रॅमंड हे मार्कोनी या इलेक्ट्रॉनिकी संस्थेत प्रणाली-अभियंता होते व संगणकीय खेळ रचणे हा त्यांचा प्रारंभी जोडव्यवसाय होता. १९८३ मध्ये त्यांचा ॲव्हिएटर हा स्पिटफायर विमान चालविण्याचा खेळ एकॉर्नसॉफ्टने (एकॉर्नच्या प्रोग्रॅम प्रसिद्ध करणाऱ्या शाखेने) काढला होता. विमानावरील उत्थापक बल, ओढ, वजन व कर्षण यांचे गणित करण्याचा सराव त्यांना तेथे झाला. सुमारे त्याच काळात एकॉर्न संस्था ब्रिटिश फॉर्म्युला ३ स्पर्धेत डेव्हिड हंट या चालकाला आर्थिक पाठबळ देत होती. १९७६ चे जागतिक विजेते जेम्स हंट यांचे हे बंधू. त्यांच्याकडून व त्यांच्या पथकाकडून क्रॅमंड यांना गाडीच्या वर्तनाची माहिती मिळू शकली. फॉर्म्युला ३ या वर्गाची निवडही सयुक्तिक ठरली. दोन लिटर क्षमतेचे, हवेचा पुरवठा मुद्दाम मर्यादित केलेले एंजिन असलेल्या या गाड्यांत शक्ती बेताची असल्याने वळणावर गमावलेला वेग नुसत्या एंजिनाच्या जोरावर चटकन भरून निघत नाही. तो टिकवून वळणातून बाहेर पडणे हेच या वर्गातील खरे कौशल्य होय आणि खेळाला नेमके त्याचेच गणित मांडावयाचे होते.

गाडीचे गणित : टायर व रस्ता यांमधील पकडीला मर्यादा असते, हे या गणिताचे मूळ सूत्र होय. वळणावरून जाणाऱ्या गाडीला आतल्या बाजूस लागणारा प्रवेग वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात व वळणाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. उदा., १५० मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी १६० किमी. (सेकंदास सु. ४४ मी.) वेगाने जाणाऱ्या गाडीला गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. १·३ पट प्रवेग लागतो. वेग दहा टक्क्यांनी वाढविला, तर मागणी एकवीस टक्क्यांनी वाढते. नुसत्या वजनामुळे टायरला मिळणारी पकड येथे अपुरी पडू लागते. ही उणीव गाडीच्या पुढे-मागे बसविलेले पंख भरून काढतात. विमानाचे पंख विमानाला वर उचलतात, तर हे उलटे पंख गाडीला रस्त्यावर दाबून धरतात आणि हा दाबही वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे काही वळणे वेगात पार होतात, पण भीतीने वेग कमी केला की पकडही कमी होते, असा चमत्कारिक अनुभव येतो.

रेव्ह्समध्ये पुढील व मागील चाकांच्या जोड्यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. पुढील जोडीची पकड आधी सुटली, तर चक्र फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते. मागील जोडीची सुटली, तर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाऊन ती गरकन फिरते. शर्यतीपूर्वी दोन्ही पंखांचा कल ० ते ४० या अंकांमध्ये ठरविता येतो. पुढचा पंख वाढविला की गाडी चटकन वळते पण चंचल होते. मागचा वाढविला की ती स्थिर होते पण वळावयास आळशी बनते. दोन्ही वाढविले, तर हवेची ओढ वाढून सरळ पट्टीवरील वेग घटतो. कोणते अंक योग्य, हे पुस्तिका वाचून ठरत नाही. फेऱ्यांमागून फेऱ्या मारूनच ते कळते. खऱ्या पथकांनाही हेच करावे लागते. एंजिनाचा जोर फेऱ्यांनुसार बदलतो, त्यामुळे फेरीदर्शकाच्या काट्यावर नजर ठेवून पाच गिअरांपैकी योग्य तो निवडावा लागतो. वेग फार मंदावलेला असताना वरचा गिअर ठेवल्यास एंजिन बंद पडते व ते पुन्हा सुरू करावे लागते. गवतावर चाके गेली की पकड ढासळते. पकड संपत आल्याचे टायरांच्या किंचाळण्यावरून कळते; हा आवाज केवळ शोभेचा नसून चालकाला मिळणारी ती एकमेव पूर्वसूचना असते, कारण खऱ्या चालकाला आसनातून जाणवणारे धक्के येथे नाहीत.

एक अन्याय मात्र या खेळात राहून गेला आहे. शर्यतीत एकूण वीस गाड्या असतात, परंतु वरील सर्व गणित फक्त खेळणाऱ्याच्या गाडीला लागू होते. मॅक्स थ्रॉटल, जॉनी टर्बो, ह्यू जेंजिन (इंग्रजीत याचा उच्चार ‘प्रचंड एंजिन’ असा ऐकू येतो) अशा गमतीदार नावांचे इतर चालक मार्गाच्या त्या त्या भागासाठी ठरविलेल्या वेगाने, बरेच सोपे नियम पाळून धावतात. एकोणीस गाड्यांचे टायर मोजण्याइतका वेळ त्या सूक्ष्मप्रक्रियकाजवळ नव्हता, हे त्याचे कारण होय.

चित्रण व स्मृतीची काटकसर : खेळणाऱ्यास चालकाच्या जागेवरून दिसणारे दृश्य दिसते. खाली फेरीदर्शक, गिअरचा अंक व सुकाणू-चक्र. दोन्ही बाजूंस पुढची उघडी चाके. त्यांच्या वर मागून येणाऱ्या गाड्या दाखविणारे दोन आरसे आणि समोर चढउतारांसह धावत येणारा मार्ग. हिरवळ, काळा रस्ता, पांढऱ्या कडा, निळे आकाश, फलकाचे रंग असे चारांहून अधिक रंग एकाच वेळी पडद्यावर दिसतात. चार रंगांच्या पद्धतीत हे कसे साधले, हा प्रश्न त्या काळी जाणकारांना पडत असे.

त्याचे उत्तर रंगतक्त्यात आहे. या पद्धतीत स्मृतीतील दोन अंकस्थाने चित्रबिंदूचा प्रत्यक्ष रंग सांगत नाहीत; ती ० ते ३ यांपैकी एक क्रमांक सांगतात. त्या क्रमांकाला कोणता रंग द्यावयाचा, हे वेगळ्या छोट्या तक्त्यात नोंदलेले असते व तो तक्ता हवा तेव्हा बदलता येतो. दूरचित्रवाणीचे चित्र इलेक्ट्रॉनांची शलाका वरून खाली ओळीओळीने सरकत जाऊन रंगविते; ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक ओळीस सेकंदाचा ६४ दशलक्षांश एवढा वेळ लागतो व असे संपूर्ण पडदाभर सरकणे सेकंदास पन्नास वेळा घडते. शलाका क्षितिजापाशी आली की संगणकातील कालमापक मंडल सूक्ष्मप्रक्रियकाला इशारा देते, तो हातातील गणित क्षणभर बाजूस ठेवतो, तक्ता बदलतो व पुन्हा गणिताकडे वळतो. अशा रीतीने पडद्याच्या प्रत्येक आडव्या पट्ट्यास स्वतःचे चार रंग मिळतात. पडदा विभागण्याची युक्ती एकॉर्नसॉफ्टच्याच १९८४ मधील एलीट या अंतराळ-व्यापाराच्या प्रसिद्ध खेळातही वापरलेली आहे. क्रॅमंड यांनी मात्र ती एका वेगळ्याच कामास लावली.

गाडीचे गणित, मार्गाची माहिती, वीस गाड्यांच्या आकृती व चित्रण एवढे सर्व उरलेल्या स्मृतीत मावेना. तेव्हा त्यांनी प्रोग्रॅमचा काही भाग चित्रासाठी राखलेल्या स्मृतीतच ठेवला. संगणकाचे चित्रमंडल त्या स्मृतीतील प्रत्येक बाइट इमानाने पडद्यावर उमटविणारच; म्हणजे आदेशांच्या जागी रंगीबेरंगी ठिपक्यांचा गोंधळ दिसावयास हवा. परंतु हा भाग आकाशाच्या पट्ट्यात येईल अशी योजना केली आणि त्या पट्ट्यापुरते रंगतक्त्यातील चारही क्रमांकांना निळा हाच रंग दिला. मग बाइटांत काहीही असो, पडद्यावर निरभ्र निळे आकाशच दिसते. खेळणारा ज्या आकाशाखाली गाडी हाकतो, ते आकाश म्हणजे वास्तविक खेळाचे आदेशच होत. घरगुती संगणकांच्या इतिहासात काटकसरीचे याहून नीटस उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

गणितातील वेळही अशाच रीतीने वाचविलेला आहे. कोनांची त्रिकोणमितीय गुणोत्तरे त्या त्या वेळी न काढता पूर्वतयार कोष्टकांतून घेतली जातात आणि अपूर्णांकांऐवजी पूर्णांकांवर काम चालते. एवढे करूनही दर सेकंदास मोजकीच नवी चित्रे पडद्यावर येतात. पोल पोझिशनच्या मूळ यंत्रात तीन सूक्ष्मप्रक्रियक होते. त्याच्या गुळगुळीत गतीशी रेव्ह्सची तुलना करणे गैर होय. परंतु डोळ्याला थोडे धक्के बसले, तरी चालकाच्या कृतीचा परिणाम योग्य तोच होत असल्याने हाताला विश्वास वाटू लागतो.

काठिण्याचा प्रश्न : हा खेळ अवघड होता व त्याबद्दल तक्रार होणे स्वाभाविक होते. प्रथम खेळावयास बसणारा बहुधा पहिल्याच वळणावर गवतात जातो, मग कुंपणावर आदळतो. दोष सर्वस्वी त्याचा नसतो. खऱ्या सुकाणू-चक्राचे काम अंशाअंशाने चालते, तर कळफलकावरील कळ एक तर दाबलेली असते किंवा नसते. बीबीसी मायक्रोला कमीजास्त कल ओळखणारी जॉयस्टिक जोडता येई व तिच्याने हा खेळ पुष्कळ सुसह्य होई. पण ती सर्वांकडे नव्हती. म्हणजे गणित जितके खरे, तितकी ते हाताळावयाच्या साधनांची उणीव अधिक बोचते. नंतरच्या आवृत्त्यांत चक्र फिरविण्यास संगणकाने मदत करावी अशी सोय ऐच्छिक म्हणून देण्यात आली. गणितात भेसळ न करता चालकाला आधार द्यावयाचा व तो नको असल्यास काढून घेण्याची मुभा ठेवावयाची, हा मार्ग क्रॅमंड यांनी पुढेही सोडला नाही. मायक्रोप्रोझ संस्थेने १९९१–९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या फॉर्म्युला वन ग्रां प्री या खेळात ब्रेक, गिअर, योग्य मार्गरेषा इत्यादींसाठीचे आधार एकेक करून बंद करता येतात.

विस्तार व पुढील इतिहास : मूळ खेळात सिल्व्हरस्टोन हा एकच मार्ग होता. १९८५ मध्ये ब्रँड्स हॅच, डॉनिंग्टन पार्क, ओल्टन पार्क व स्नेटर्टन या चार इंग्लिश मार्गांची पुरवणी निघाली. सिल्व्हरस्टोन हा दुसऱ्या महायुद्धातील विमानतळाच्या सपाट जमिनीवरील मार्ग असल्याने त्यावर वेगाची परीक्षा होते. याउलट ब्रँड्स हॅच येथील पहिलेच वळण, पॅडक हिल, टेकाडावरून एकदम खाली कोसळते; तेथे क्षणभर रस्ता दिसतच नाही व खेळणाऱ्यास आठवणीवर विसंबावे लागते. पुरवणीतील खरी मेजवानी तीच होय.

१९८५ मध्ये एकॉर्न आर्थिक अडचणीत येऊन इटलीतील ओलिव्हेट्टी या संस्थेच्या ताब्यात गेली व एकॉर्नसॉफ्टचे खेळ त्यानंतर सुपीरिअर सॉफ्टवेअर या संस्थेकडून निघू लागले. कमोडोर ६४ या संगणकासाठी फायरबर्ड संस्थेने रेव्ह्सची आवृत्ती काढली. १९८७ मधील रेव्ह्स प्लस या वाढीव आवृत्तीत जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग हा मार्गही आहे. त्या संगणकाची स्मृती दुप्पट, परंतु सूक्ष्मप्रक्रियकाची गती जवळजवळ निम्मी होती. क्रॅमंड यांच्या पुढील कृतींपैकी द सेंटिनेल (१९८६) हा शर्यतीशी संबंध नसलेला, तर स्टंट कार रेसर (१९८९) हा उंच व अधांतरी मार्गांवरील, गाडीच्या उसळीचे गणित करणारा खेळ होय. ग्रां प्री २ (१९९६) व त्यानंतरच्या खेळांत इतर चालकांच्या गाड्यांचे वर्तनही पुष्कळ वास्तव झाले.

रेव्ह्सचा मूळ प्रोग्रॅम अर्थबोधक टीपांसह त्या काळी प्रसिद्ध झालेला नव्हता. ग्राहकांच्या हाती पडले ते चुंबकीय फितीवरील वा चकतीवरील केवळ अंक. या फिती व चकत्या कालांतराने निकामी होत जातात. अलीकडे मात्र अभ्यासकांनी त्या अंकांवरून एकेक आदेश उलगडून सबंध प्रोग्रॅमचे सटीप रूप सिद्ध केले आहे. आकाशात दडविलेला भाग, टायरांची गणिते व इतर चालकांचे नियम यांविषयी आज खात्रीने लिहिता येते, ते या कामामुळे. आधुनिक संगणकांवर बीबीसी मायक्रोची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमांच्या साहाय्याने हा खेळ खेळताही येतो. सिल्व्हरस्टोनच्या मार्गात १९८७ मध्ये वुडकोट वळणाच्या अलीकडे फेरफार झाला, १९९१ मध्ये त्याची मोठ्या प्रमाणावर पुनर्रचना झाली व २०१० नंतर आणखी भर पडली. खेळात आहे तो १९७५ ते १९८६ या काळातील ४·७ किमी. लांबीचा वेगवान मार्ग असून त्या रूपात त्याच्यावरून आता गाडी चालविता येत नाही. [⟶ मोटारगाड्यांच्या शर्यती, संगणक].